पाटावरचा बेडूक

‘‘डोळ्यात आग होतेय,’’ मालूताई म्हणाली. आई म्हणाली, ‘‘पुसू नकोस.’’

मालूताई, माझी थोरली बहीण, शांताबेनच्या ओट्यासमोर उभी होती. अंगावर जुनं लुगडं, कमरेला कडुलिंबाच्या डहाळ्या, डोक्यावर जेवायला बसायचा लाकडी पाट, पाटावर पुन्हा पाला आणि त्या पाल्यात सुतळीने बांधलेला जिवंत बेडूक. दोन्ही हातांनी तिने पाटाच्या कडा धरल्या होत्या. चार घरांचं पाणी ओतून झालं होतं, हे पाचवं घर. पाऊस ओढ देई त्या वर्षी आमच्या लायनीतल्या बायका धोंडी काढत, आणि त्या वर्षी धोंडी मालूताई होती. धोंडीने दारोदार जायचं, प्रत्येक घरच्या बाईने बेडकावर तांब्याभर पाणी घालायचं, ते धोंडीच्या तोंडावरून, अंगावरून खाली जायचं. सगळी घरं होईपर्यंत धोंडीने तोंड पुसायचं नाही. पुसलं की पाऊस पुसला.

‘‘आई, खरंच सोसत नाही गं. उजव्या डोळ्यात निखारा घातल्यासारखं होतंय.’’

‘‘कडुलिंबाचं पाणी गेलं असेल. चार घरं राहिलीत. डोळे मीट आणि चाल.’’

शांताबेन तांब्या घेऊन पायरीवर थांबली होती. ती आमची गुजराती शेजारीण. तिने मालूताईचं तोंड जवळून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘मालूनी मा, छोकरीनी आंख तो जुओ! मूकी दो हवे.’’

‘‘कशाला मूकी दो, बेन? सोडून कसं चालेल? पाऊस नको तुम्हाला? घाला पाणी.’’

शांताबेनने पाणी घातलं. त्याआधी मी मागून हात वर करून पाटावरचा बेडूक नीट केला. मी बेडूक नीट करते आहे असं सगळ्यांना वाटलं. मी नीट करत नव्हते. बेडकाच्या डोळ्यामागे एक फुगीर गाठ असते, ती अंगठ्याने दाबत होते. दाबली की पांढरा चीक येतो, रुईचं पान मोडल्यावर येतो तसा. शांताबेनचं पाणी त्या चिकावरून वाहत मालूताईच्या कपाळावर आलं आणि कपाळावरून डोळ्यात गेलं. ती ओरडली नाही. तिने दात आवळून घशातून एक आवाज काढला, आणि आई म्हणाली, ‘‘शाब्बास. चला पुढे.’’

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, ती अठरा. आता माझी पंच्याहत्तरी मागे पडली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे घुमवून लिहिता येत नाही आणि यायला नको असंही वाटतं. जे केलं ते केलं. कोणी माफ करावं म्हणून हे लिहीत नाही.

बडोद्यात नागरवाड्याच्या मागच्या बाजूला आमची लायन होती. एका ओळीत नऊ घरं, सगळी मराठ्यांची आणि मध्ये एक शांताबेनचं. आमचे पणजोबा महाराजांच्या पागेत होते, घोडे सांभाळायचे. राज्य गेलं, घोडे गेले, आमचे वडील, आबा, गिरणीत लागले. तरी आई भाकरी थापताना म्हणायची, ‘‘आपण शिलेदाराच्या घरचे.’’ घरात दोन खोल्या, मागे न्हाणी, न्हाणीत पाण्याचे पितळी हंडे आणि एक मोठा रांजण. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की आबा उठत, दुसऱ्या भोंग्याला त्यांची सायकल दाराबाहेर खडखडे, आणि तिसऱ्याला आई मला हाक मारी, ‘‘ए बेडके, ऊठ, रांजण बघ.’’ माझं नाव सुमन. ते शाळेच्या हजेरीत होतं आणि पुढे लग्नपत्रिकेत छापलं. घरात मी बेडकी.

हा शब्द आमच्या घरात पुष्कळ ठिकाणी चालायचा. फुगून बसली ती बेडकी. आवाज फाटका असेल ती बेडकी. जिचं तोंड रुंद, जी मांडी पसरून बसते, जी पाण्यातून उठत नाही, जी बोलावलं नसताना मध्ये बोलते, ती बेडकी. आबांना खोकल्याचा बेडका पडला तरी आई माझ्याकडे बघून म्हणायची, ‘‘घ्या, आली हिची बहीण.’’ कोणी ऐपत सोडून बोललं की, बेडकी फुगून फुगून बैल होत नाही, हे ठरलेलं. शांताबेनकडे तोच देडको होता. पण तिच्या घरी तो शब्द पोरींना लावत नसत, तिच्याकडे पोरींना वेगळ्या शिव्या होत्या. माझा आवाज लहानपणापासून खरखरीत. दोन्ही हातांच्या पंजांवर चामखिळी, मोजून अकरा. त्यामुळे ते नाव मला जे चिकटलं ते चिकटलं.

चामखीळ बेडूक मुतल्याने येते, असं सगळे म्हणत. मला त्या कशा आल्या मला माहीत नाही. पण त्या आल्या, म्हणून बेडूक धरायचं काम माझं झालं. रांजणाच्या मागे, हंड्यांच्या खाली गारव्याला ते येऊन बसत. पाठ खरबरीत, रंग ओल्या मातीचा, उड्या मारण्याचा आळस. ताई त्यांना बघितलं की किंचाळायची. आई केरसुणीने मारायला धावायची. मी हाताने उचलून बाहेर टाकायची. ‘‘तुला काय, तुझीच जात,’’ ताई म्हणायची. परवा नातीने मोबाईलवर दाखवलं. म्हणाली, आजी, हा फ्रॉग नाही, हा टोड आहे, आणि मराठीत याला भेक म्हणतात. इंग्रजी शाळेतल्या पोरीने मला मराठी शिकवलं. आमच्या लायनीत कोणाच्या तोंडून मी भेक ऐकला नाही. नाव नव्हतं तरी मला दोन जातींतला फरक चांगला कळत होता. गुळगुळीत हिरवा असतो तो हातातून निसटतो आणि काही करत नाही. खरबरीत असतो तो जास्त दाबला तर चीक सोडतो. शेजारच्या कुत्र्याने एकदा तसला तोंडात धरला, तर तासभर तोंडाला फेस येऊन गोल गोल फिरत होतं. आणि मी एकदा तसला टाकून आल्यावर न धुतलेल्या हाताने डोळा चोळला होता. त्या आगीची मला आठवण होती. मी रांजणात तोंड घालून डोळा उघडझाप करत राहिले, तेव्हा दुपारपर्यंत उतरली. म्हणजे काय होतं तेही मला माहीत होतं आणि काय केलं की थांबतं तेही माहीत होतं.

चामखिळींवर आईचा उपाय घोड्याच्या केसाचा. टांग्याच्या घोड्याच्या शेपटीतला एक केस आबा मागून आणत. घोड्यांशी आमच्या घराण्याचा तेवढाच संबंध उरला होता. तो केस चामखिळीच्या मुळाशी आवळून गाठ मारायची, रोज थोडी आणखी आवळायची, मग चामखीळ काळी पडून गळते. आई आवळायची आणि ताई माझं मनगट जमिनीवर दाबून धरायची. दुखतं म्हटलं की ताई माझी नक्कल करायची, ‘‘डराव, डराव.’’ आई हसायची. ताई दिसायला फार चांगली होती, हे सांगायला पाहिजे. गोरी, नाक सरळ, केस कमरेखाली, डोळे मोठे आणि जरा पिंगट. आई तिला न्हाऊ घालताना शिकेकाई, संत्र्याची साल, काय काय वाटायची. मला घालताना म्हणायची, ‘‘तुझं काय, पाण्यात बसव की झालं.’’ दोघींना एकाच ताटात बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं तरी लोण्याचा गोळा ताईच्या बाजूला असायचा. मी तो ओढला तर हातावर उलथनं.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. नळाला दिवसातून एकदा पाणी, तेही तांब्याच्या धारेने. पलीकडच्या तळ्याचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या. गुजरातणींच्या पोरींनी आधी मेहुला फिरवला. मातीचं बाहुलं पाटावर ठेवून ते डोक्यावर घ्यायचं आणि घरोघर त्यावर पाणी घालून घ्यायचं. आमच्या मूळ गावाकडे म्हणे धोंडीत मुसळाला बेडूक टांगून दोघं खांद्यावर नेतात. बडोद्याला आल्यावर आमच्या बायकांनी दोन्ही एक केलं. पाट त्यांचा घेतला, बेडूक आपला ठेवला. मातीचं बाहुलं पोरीच्या डोळ्यात काही सोडत नाही, एवढा विचार कोणी केला नाही. एरवी पाटावर तळ्यातला गुळगुळीत बेडूक असे, म्हणून कधी काही झालं नव्हतं.

ओट्यावर बायका जमल्या. धोंडी कोण, यावर बोलणं सुरू झालं. कोपऱ्यातल्या घरच्या मावशी म्हणाल्या, ‘‘मालूला स्थळ आलंय. तिला कशाला उन्हातान्हात? सुमनला करा.’’

आईने माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ‘‘बेडकीच्या डोक्यावर बेडूक? देवाला कळेल का, वरची कोणती आणि खालची कोणती?’’

सगळ्या हसल्या. शांताबेनलाही कोणीतरी गुजरातीत सांगितलं आणि तीही हसली. ताई सगळ्यात जास्त हसली. मग एक म्हणाली, धोंडी देखणी असावी, देवाची नजर खिळली पाहिजे. आई हुरळली. ‘‘माझी मालू उभी राहील. लग्न होऊन गेल्यावर तुम्हाला अशी धोंडी मिळायची नाही.’’ स्थळ कारेलीबागेतलं होतं, मुलगा कचेरीत कारकून, आणि त्याच्या घरचे पुढच्या रविवारी बघायला येणार होते. मला आईने आधीच सांगून ठेवलं होतं की रविवारी तू शांताबेनच्या मागच्या खोलीत बसायचं, पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. ताई म्हणाली होती, ‘‘आणि तोंडातून आवाज काढू नकोस. त्यांना वाटेल आमच्या न्हाणीत काहीतरी मेलंय.’’

हसून झाल्यावर आई म्हणाली, ‘‘जा, बेडूक आण. तेवढं तरी तुला येतं.’’

मी गेले. सरकारी विहिरीच्या कडेला ओल होती आणि तिथे दगडात एक हिरवा बेडूक बसलेला होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. हात पुढे केला असता तर हातात आला असता, उन्हाने तोही सुस्त झाला होता. मी उठले आणि घरी येऊन रांजणामागचा खरबरीत काढला. त्यातल्या त्यात मोठा. आईने पाहिला आणि म्हणाली, ‘‘शी, हा कसला?’’ मी म्हटलं, ‘‘दुसरा नाही मिळाला. तळं आटलंय.’’ ‘‘चालेल. बांध.’’ बांधायचं काम माझंच, कारण हात लावणारी मी एकटी. मागून सुतळीचं टोक धरून चालायचं कामही माझं. तो डोक्यावरून खाली पडू नये म्हणून.

त्यावेळी मनात काय होतं, असं मला कोणी विचारलं तर सांगते. ताईचा डोळा जावा असं मनात नव्हतं. तिचे डोळे लाल व्हावेत, रविवारपर्यंत सुजावेत, तोंड बेडकासारखं व्हावं, एवढं होतं. एवढं नक्की होतं. पहिल्या घरी मी दाबलं नाही. दुसऱ्या घरी ताई मागे बघून म्हणाली, ‘‘नीट धर गं, तुझ्या भावाला,’’ आणि बायका हसल्या. तेव्हापासून दाबायला लागले.

नऊच्या नऊ घरं तिने पूर्ण केली. शेवटच्या घरी पाणी पडल्यावर तिने पाट सोडला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे चोळायला सुरुवात केली, जोरजोरात, रानटीसारखी. पाट माझ्या पायावर आदळला. बेडूक सुतळीसकट पाल्यात तडफडत होता. मी सुतळी सोडवून त्याला गटारीकडे ढकलला. आईने तांब्याभर पाणी ताईच्या तोंडावर मारलं आणि म्हणाली, ‘‘झालं, झालं. नाटकं पुरे.’’ एका तांब्याने काय होतंय? त्याला रांजण लागतो. रांजण पाच पावलांवर भरलेला होता आणि मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

संध्याकाळी डोळा मिटला तो उघडेना. दुसऱ्या दिवशी आईने तुरटीचं पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं म्हणून मध. मग कांद्याचा रस, त्याने घाण बाहेर येते म्हणून. ताई तेव्हा ओरडायची, आणि मनगटं धरायला आता मी होते. चौथ्या दिवशी पापणीच्या कडेला पिवळं दिसायला लागलं. डावा डोळा आपोआप निवळला होता, उजवा नाही. शांताबेन रोज पायरीवर येऊन म्हणायची, ‘‘डॉक्टरने बतावो ने, बेन,’’ डॉक्टरला दाखवा म्हणून. आबा गिरणीतून येऊन टोपी काढायच्या आधी म्हणाले, ‘‘उद्या हिला मोठ्या दवाखान्यात नेतो.’’

‘‘न्या,’’ आई म्हणाली. ‘‘दवाखान्यात नेलं की लायनीत बोभाटा, लायनीतून कारेलीबागेत. रविवारी येऊन जाऊ देत. सोमवारी न्या हवं तिथे.’’

‘‘अगं पण डोळा आहे तो.’’

‘‘आणि हे स्थळ आहे. डोळा काय, उतरेल. असं स्थळ परत येईल?’’

आबा टोपी खुंटीला अडकवून हातपाय धुवायला गेले. ते गप्प बसण्यात वस्ताद होते. चांगला माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. चांगल्या माणसाचा घरात काही उपयोग नसतो, हे मी तेव्हाच शिकले. आणि पाऊस आला नाही. लायनीतल्या बायका नळावर म्हणायला लागल्या, धोंडीने शेवटच्या घरी तोंड पुसलं, सगळ्यांनी पाहिलं, म्हणून गेला पाऊस. दोघीजणी ताईला तोंडावर बोलून गेल्या. ती आत खाटेवर पालथी पडलेली होती.

रविवारी आईने तिला डाव्या अंगाने खिडकीकडे तोंड करून बसवलं. उजव्या बाजूला भिंत. पदर डोक्यावरून उजव्या गालापर्यंत ओढलेला, आणि दोन्ही डोळ्यांत इतकं काजळ की सुजेला सावली वाटावी. रव्याचा शिरा, चिवडा, चहा. मी शांताबेनच्या मागच्या खोलीत होते आणि मध्ये एक पातळ भिंत होती, सगळं ऐकू येत होतं. मुलगा, त्याची आई, एक मामा. मामा पावसाचं बोलत होते. मग मुलाच्या आईने पिशवीतून सुई-दोरा काढला. आमच्यात मुलगी बघताना सुई ओवायला देत. नजर आणि हाताची थरथर एकदम कळते.

‘‘घे गं, ओव.’’

ताईच्या बांगड्या वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या. आई म्हणाली, ‘‘उन्हाने डोळे आलेत जरा.’’ आणि मग त्या बाईंचा आवाज, ‘‘पदर काढ बाळ. बघू दे.’’

त्यानंतर पाण्याचा तांब्या सांडल्याचा आवाज झाला आणि आईने सवयीने हाक मारली. रोजची हाक, विचार न करता तोंडातून गेलेली. ‘‘बेडके, फडकं आण!’’ मी गेले. मला जायचंच होतं. मी फडक्याने जमीन पुसत असताना त्या बाई म्हणाल्या, ‘‘ही कोण?’’

‘‘धाकटी. चौथीपर्यंतच शिकलीय.’’

‘‘ये इकडे. ओव.’’

मी एका झटक्यात ओवली. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेपालटे केले, चामखिळी मोजल्या, नाव विचारलं. मी सांगितलं. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, ‘‘आवाज खरखरीत आहे, हात खरखरीत आहेत. पण डोळे दोन आहेत.’’ मुलगा खाली बघत होता. मामा हसले. ताई तिथेच बसलेली होती, पदर मांडीवर, काजळ गालावर उतरलेलं. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर तेव्हाच पांढरं दिसत होतं.

सोमवारी आबांनी तिला दवाखान्यात नेलं, मी सोबत गेले. डॉक्टरांनी पापणी वर करून बघितली आणि म्हणाले, ‘‘आठ दिवस काय करत होता? डोळ्यात गेलं काय होतं?’’ आबा म्हणाले, ‘‘कडुलिंबाचं पाणी.’’ मी शेजारी उभी होते. बोलले नाही. सोमवारी बोलून डोळा वाचला असता असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी बोलले असते तर वाचला असता. आणि सोमवारपर्यंत माझं लग्न ठरलं होतं, म्हणून तर मी अजिबात बोलले नाही.

डोळ्यात फूल पडलं, तो डोळा गेला. लग्न दिवाळीनंतर झालं. करवली म्हणून ताई माझ्यामागे दिवा घेऊन उभी राहायला आली, तर आईने तिच्या हातातला दिवा काढून मावशींच्या मुलीला दिला. ‘‘तू आत पंगतीचं बघ. फोटो काढतात इथे.’’ ताईसाठी घेतलेला जांभळा शालू मी नेसले होते. तो मला लांब होत होता, आईने आतून टाका घातला होता. सासरी मला कोणी बेडकी म्हटलं नाही, कारण तिथे ते नाव पोचू दिलं नाही. आईने मात्र ते नाव वाया घालवलं नाही. मी माहेरी गेले की ऐकायची, ‘‘ए बेडके, रांजण बघ,’’ आणि मी दचकून उठायची, तर न्हाणीकडे ताई जात असायची.

ताईला पुढे चार-पाच बिजवर बघून गेले. एकाने तर स्वतःची दोन पोरं सोबत घेऊन येऊन, एका डोळ्याची बाई घरात नको, असं आमच्याच ओट्यावर सांगितलं. मग ती एका बालमंदिरात पोरं सांभाळायला लागली. नवीन आलेली पोरं तिला बघून रडत, चार दिवसांनी तिच्याच मांडीवर झोपत. आई शेवटी तीन वर्षं अंथरुणात होती. तिचं सगळं ताईने केलं. मी कारेलीबागेतून सणासुदीला जायची, डबा घेऊन. एकदा आईला न्हाऊ घालताना ताईने साबणाचा हात तिच्या तोंडावरून फिरवला. आई ओरडली, ‘‘अगं डोळ्यात गेला!’’ ताई म्हणाली, ‘‘पुसू नकोस.’’ मी दारात होते. ताईने तिला तसंच बसवून ठेवलं, शंभरपर्यंत आकडे मोजले असतील, मग पाणी घातलं. हे मी सांगायला नको होतं, पण ताई हो म्हणाली म्हणून ठेवलंय.

माझ्या नवऱ्याबद्दल लिहायला फारसं नाही. सरळ माणूस होता. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एकदा जेवताना म्हणाला, ‘‘तुझी बहीण फार सुंदर होती.’’ मी म्हटलं, ‘‘होती.’’ आणि त्याला आमटी वाढली.

तो गेल्यावर मी मुलाकडे सुभानपुऱ्यात आले आणि ताईलाही आणली. मुलाने कुरकुर केली, सुनेने केली नाही. गेल्या वर्षी ताईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते, ते मी घालायची. दोनदा साबणाने हात धुवायची. ‘‘पुरे गं,’’ ती म्हणायची, ‘‘कातडी निघेल.’’ आम्ही दोघी अजूनही भांडतो. भांडण बहुतेक टीव्हीच्या आवाजावरून किंवा खिचडी किती पातळ यावरून असतं.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. दुपारची वेळ होती, ती वाल सोलत बसली होती. तिने हात थांबवला नाही. अंगठ्याचं आलं तिथे मी जरा थांबले. ती म्हणाली, ‘‘वाच पुढे.’’ सगळं झाल्यावर म्हणाली, ‘‘शालू जांभळा नव्हता. डाळिंबी होता. मी निवडलेला, मला माहीत.’’

‘‘बरं, डाळिंबी. आणि बाकीचं?’’

‘‘बाकीचं काय. मला तेव्हाच कळत होतं. तू दाबलंस की पाट मागून जड व्हायचा.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘पहिले आठ दिवस वाटलं, होईल बरा. बोलले असते तर आईने तुला झोडपून काढलं असतं, आणि ते पाहुण्यांना ऐकू गेलं असतं. मलाही स्थळ हवंच होतं की. नंतर तू गेलीस सासरी. मग कोणाला सांगू? आईला?’’

‘‘मला सांगायचं.’’

‘‘तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. तुझा रडण्याचा आवाज कोण ऐकणार? आधीच बोलण्याचा ऐकवत नाही.’’ असं म्हणून तिने वालाची सालं माझ्याकडे सरकवली. ‘‘ही टाकून ये. आणि डाळिंबी कर ते.’’

मी सालं टाकून आले. शालूचा रंग वर दुरुस्त केलेला नाही. मला तो जांभळाच आठवतो.

आई गेली, आबा गेले. शांताबेन गेली. ज्यांनी पाणी घातलं त्या नऊ घरांतल्या बायकांपैकी आज एकही नाही. सासूबाई गेल्या, मामा गेले, नवरा गेला. मालूताई आहे, एक्याऐंशी वर्षांची, आणि मी आहे.